तीन म्हणायच्या आत

“इंग्लिश मिडियमचो माज आसा गो तिका. आमच्याशी बोलूक कमीपणा वाटता.”

मागच्या चटईवरून आवाज आला. मसुऱ्याहून येणारी मुलगी शेजारणीच्या कानाशी बोलत होती, पण मला ऐकू यावं इतपत मोठ्याने. मी मान वळवली नाही. चटईची सुटलेली काडी बोटाने आत ढकलत राहिले.

समोर ओसरीच्या लादीवर बाईंनी कार्डं मांडली होती. बाई निवृत्त शिक्षिका, माहेर मच्छीमारांचं. मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचे वाटे लावून लिलाव होतो, तशी त्या इंग्रजी शब्दांची शिकवणी घेत. प्रत्येक कार्डावर इंग्रजीत एक अर्थ लिहिलेला. त्याला त्या वाटाच म्हणत. बाई शब्द पुकारत; ज्याला त्याचा अर्थ दिसेल त्याने बोट दाखवून मोठ्याने मागायचा. मग बाई तीनपर्यंत मोजत. तोवर कोणी अडवलं नाही तर वाटा त्याचा, बरोबर असो की चूक. अडवणाऱ्याने बरोबर वाटा दाखवला तर तो त्याचा. तीननंतर तक्रार चालत नसे.

त्या दिवशी त्यांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, “आज ज्याच्या हातात एकही वाटा नसेल, त्याने या खेपेला परीक्षेला बसायचं नाही. तिथे अनोळखी माणसासमोर बोलावं लागतं. माझ्यासमोर ज्याचं तोंड उघडत नाही, तो तिथे काय करणार?”

ते माझ्यासाठीच होतं. परदेशात नर्सिंगला प्रवेश घ्यायचा तर इंग्रजीची ती परीक्षा पास व्हायला हवी होती आणि ही खेप चुकली की वर्ष गेलं. शब्द मला येत होते. ‘अँबिग्युअस’ पुकारला तेव्हा त्याचं कार्ड मला खांबाजवळ दिसलं. मी घसा साफ करेपर्यंत बांद्याच्या मुलाने ते मागितलंसुद्धा. ‘मेटिक्युलस’ही गेला. लादी रिकामी होत चालली. शाळेत मालवणी बोलले की मुलं हसायची, घरी इंग्रजी बोलले की चुलत भावंडं. तेव्हापासून प्रत्येक वाक्य मी आधी मनात म्हणून बघते, आणि तोवर त्याची वेळ निघून जाते.

शेवटी दोन कार्डं उरली. एकावर होतं, स्वतःला इतरांहून मोठा समजणारा. त्याच्या शेजारच्यावर, मनातलं सहजासहजी न सांगणारा.

“आजचा शेवटचा शब्द,” बाई म्हणाल्या. “रेटिसेंट.”

मसुऱ्याची मुलगी झटकन उठली. पहिल्या कार्डाकडे बोट केलं, पण बघितलं माझ्याकडे. “ह्यो माका होयो. आमच्यात बसलेली आसा ना एक, अगदी तशी!”

मागे खसखस पिकली.

“एक,” बाई म्हणाल्या.

रेटिसेंटचं कार्ड ते नव्हतं, शेजारचं होतं. मी वाक्य जुळवायला घेतलं. इंग्रजीत. पहिल्या शब्दाशीच अडले, मराठीत वळवलं, तेही पुस्तकी वाटलं.

“दोन.”

बाईंना बरोबर कार्ड कुठलं ते ठाऊक होतं. त्या माझ्याकडेच बघत होत्या, पण माझ्यासाठी मोजणं लांबवत नव्हत्या. तीनसाठी त्यांचे ओठ हलले आणि मी उभी राहिले. मनात काहीच जुळलेलं नव्हतं.

“थांबा, बाई! तो वाटो नाय. त्याच्या बाजूचो. तो माझो.”