आपण आणि आम्ही

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आमच्या मॅडमनी एक काम दिलं होतं. विद्यार्थी हवामान, पर्यावरण या विषयांवर बोलतात ते जोडीजोडीने रेकॉर्ड करायचं आणि शब्दन्‌शब्द लिहून काढायचं. “काय बोलतात यापेक्षा कसं बोलतात ते बघा,” असं त्या म्हणाल्या. मला तेव्हा यातला फरक नीटसा कळला नव्हता.

आम्ही दोघी आणि वर्गातले आणखी तिघे परळच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये बसलो. टेबलावर मधोमध माझा फोन. माझी जोडीदार भोईवाड्यातली, चाळीत वरच्या मजल्यावर पत्र्याखाली राहणारी. मी गिरगावातली. आमच्याकडे जेवताना असल्या विषयांवर वाद चालतात, त्यामुळे मी सुटलेच. चाळीस मिनिटांत ती एकच वाक्य बोलली.

दुसऱ्या दिवशी इयरफोन लावून लिहायला बसले. सगळ्यात जास्त आवाज माझाच. ‘आपण झाडं तोडली.’ ‘आपण खाडी बुजवली.’ ‘आपण आता एसीशिवाय राहूच शकत नाही.’ मग हशा, आणि हशाच्या खाली तिचा आवाज. चार-पाचदा मागे नेऊन ऐकलं तेव्हा कळलं. ‘आमच्याकडे एसी नाहीये.’

लायब्ररीत भेटल्यावर मी तिला विचारलं, “तेव्हा मोठ्याने का नाही बोललीस?”

“बोलले की. तुम्ही पुढे गेलात.”

“राग आला?”

“राग नाही गं. तू सारखी आपण-आपण करत होतीस. मी बघत होते, मी त्यात आहे का.”

“आपण म्हणजे सगळेच ना.”

“खाडी माझ्या आईने पण बुजवली?”

ती भांडत नव्हती, खरंच विचारत होती. मी वहीत ‘आम्ही झाडं तोडली’ असं लिहून पाहिलं. ते वाचून तीच हसायला लागली. माझ्या बाबांनी जन्मात कुंडीतलं रोपटंही उपटलेलं नाही. ‘त्यांनी तोडली’ लिहिलं, तर मी आयतीच सुटत होते. ‘झाडं तोडली गेली’ हे पेपरातल्या बातमीसारखं वाटलं. तसंही शब्द बदलायला परवानगी नव्हती.

“आणि ऐक,” ती म्हणाली, “पुढच्या उन्हाळ्याच्या आत आम्ही पण एसी घेतोय. आईला झोपच लागत नाही.”

“अरे वा,” मी म्हणाले. मला मनापासून बरं वाटलं होतं. मग वाटलं, रेकॉर्डिंगमधलं स्वतःचं सगळं बोलणं ऐकून झाल्यावर मी ‘अरे वा’ म्हणायला हवं होतं का?

“मग तेव्हा तू ‘आपण’मध्ये येशील?” मी विचारलं.

तिने थोडा विचार केला. “माहीत नाही गं. एका एसीने येतात का?”

आम्ही जे होतं तसंच लिहून दिलं. तिचं वाक्य घातलं, त्याच्याआधी कंसात ‘हशा’. वर्गात वाचून झाल्यावर मॅडमनी विचारलं, “मग निष्कर्ष काय?” मी म्हटलं, “मॅडम, तो अजून निघालेला नाही.” “मग तसं लिहा,” त्या म्हणाल्या.

मार्क बरे पडले. पण हल्ली असल्या गप्पांत मी बोलायला तोंड उघडते आणि वाक्याच्या पहिल्याच शब्दापाशी अडते. समोरच्याला वाटतं, हिला विषयातलं काही माहीत नाही.