बरणी रिकामी देत नाहीत

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, भावाला नाही. देवापुढे हात जोडले आणि हा भाग मनात आला, की मी पटकन दुसरंच काहीतरी मागायला लागते. आज लिहायला बसले आहे. समोर ओट्यावर एक काचेची बरणी आहे. कालपासून तिथेच आहे. तिचं झाकण मला उघडवत नाही.

पण बरणीकडे नंतर येते. आधी नीता.

नीता इथे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटमध्ये, आमच्याच रांगेत राहायची, मधे दोनच दारं. मूळची नागपूरची, तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ. नवऱ्यापासून फार पूर्वी वेगळी झालेली, एकटीने मुलाला वाढवलेलं. तो मुलगा म्हणजे रोहन. इथेच जन्मला, इथेच नोकरीला लागला. मराठी सगळं कळतं, बोलताना मात्र अर्धं इंग्रजी. आणि मी? दापोलीला शेतीचं शिक्षण घेऊन, नवऱ्याच्या व्हिसावर इथे आलेली बाई. वर्षानुवर्षं नोकरीची परवानगी नव्हती. पदवीचा उपयोग एवढाच उरला, की गॅरेजमध्ये दिव्याखाली कढीपत्त्याची रोपं करायची आणि महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना वाटायची. ‘कढीपत्तावाली’ म्हणायच्या मला. हसून म्हणायच्या. मीही हसायचे.

मग नीताला कॅन्सर झाला. केमो सुरू झाली आणि अन्न टिकेना. वरणाला फोडणी दिली तरी वासाने उठून जायची. तिच्या डॉक्टरच म्हणाल्या, काही पेशंटना गांजाने बरं वाटतं, इथे कायदेशीर आहे, बघा हवं तर. दुकानात जायला मात्र ती तयार होईना. “त्या दारात मंडळाची एखादी काकू भेटली तर? कॅन्सरने मरायचं तेव्हा मरीन, लाजेने आत्ताच मरून जाईन.”

म्हणून रोहनने घरातच चार रोपं लावली. तेवढी लावायला कॅलिफोर्नियात परवानगी आहे, त्याने नियम मोठ्याने वाचून दाखवले. कपाटाच्या खोलीत चंदेरी कापडाचा तंबू, वर दिवा, एक छोटा पंखा. फोनवर आम्ही गांजाला मेथी म्हणायचो. “मेथी कशी आहे?” “पिवळी पडली गं.”

पिवळी पडली म्हणूनच रोहन माझ्याकडे आला. “मावशी, यू हॅव अ डिग्री इन धिस, राइट?”

तुम्हाला कसं सांगू, त्या वाक्याने मला काय झालं? या देशात माझं शिक्षण कुणी पहिल्यांदा विचारलं होतं.

माझ्या नवऱ्याने बजावलं होतं, त्या झाडांना हात लावू नकोस. राज्याचा कायदा काही म्हणो, ग्रीन कार्ड राज्य देत नाही, देश देतो. आणि देशाच्या कायद्यात गांजा म्हणजे गांजा. रोहन नागरिक आहे, आपण नाही. आमची फाइल तेव्हा शेवटाला आली होती, मुलाखतीचं बोलावणं कधीही येणार होतं. मी हो म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी गांडूळखताची पिशवी घेऊन नीताकडे गेले.

रोहनकडे रंगीत बाटल्यांची रांग होती. एक पानांसाठी, एक मुळांसाठी, एक कॅल्शियम-मॅग्नेशियमची, आणि ‘ब्लूम’ लिहिलेल्या तर दोन. मी लेबलं वाचली आणि म्हटलं, “अरे, यातल्या निम्म्या बाटल्यांत तेच मीठ आहे, फक्त पाण्याचा रंग वेगळा.” माझ्याकडे गांडूळखत, निंबोळी पेंड, समुद्री शेवाळाची पूड. त्याचं म्हणणं, मोजून द्यावं आणि लगेच फरक बघावा. माझं म्हणणं, माती जिवंत ठेवावी, झाड आपलं आपण जेवतं. “बाटलीवरचं झाड म्हणजे सलाइनवरचा पेशंट,” मी म्हणाले. म्हणाले आणि जीभ चावली. नीता तिथेच कोचावर होती, दंडावर पट्टी.

ती मात्र खदखदून हसली. “मग मलाही गांडूळखत घाल ना गं बाई!”

तर ठरलं. दोन कुंड्या त्याच्या, दोन माझ्या. नीता परीक्षक. आजारपणाच्या त्या घरात आम्हाला खेळ मिळाला. ती रोज उठून तंबूची चेन उघडून बघायची. त्यासाठी तरी उठायची.

आणि रोहन जिंकायला लागला.

का, ते मला कळत होतं. बाटलीतलं अन्न झाडाला तयार मिळतं. खताला मुरायला वेळ लागतो. त्याची झाडं आटोपशीर, फुलं भरलेली. माझी उंच, किडकिडीत, फुलं विरळ. “मावशी, युअर सॉइल इज सो स्लो,” तो म्हणाला. “कढीपत्ता स्पीड, हं?” आणि दोघं मायलेक हसले. लोभानेच हसले. मीही हसले — मी नेहमीच हसते.

पण घरी आले आणि ते डोक्यातून जाईना. कोडिंग करणारा कालचा पोरगा, फोनवर व्हिडिओ बघून बाटल्या ओततो, आणि मी —

इथे थांबावंसं वाटतंय. इथपर्यंतची बाई मला चालते.

माझ्या गॅरेजमध्ये हापूसचं एक कलम होतं, टबात वाढवलेलं, मोहोराचं नाव नाही. आधीच्या वर्षी भाऊ आला तेव्हा त्याने बॅगेतून एक छोटी बाटली आणली होती — चिवड्याच्या पिशवीत खुपसलेली, लेबल काढलेलं, कस्टमवाल्यांनी विचारू नये म्हणून. गावाकडे आमच्या आंब्याच्या बागेत हे औषध असतंच. मुळाशी ओतलं की झाडाची वाढ आखडते, पाल्याचा हट्ट सुटतो, मोहोर धरतो. त्याचं नाव मला पाठ होतं: पॅक्लोब्युट्राझॉल. ते मातीत किती रेंगाळतं, झाडात किती रेंगाळतं, हेही शिकलेलं होतं. आंब्याचं फळ यायला महिने जातात, साल काढून आपण खातो. मोहोर कुणी तापवून त्याची वाफ छातीत घेत नाही; गांजाचं फूल तसंच घेतात.

हे सगळं मला माहीत होतं. रोहनला माहीत नव्हतं, नीताला नव्हतं. त्या घरात ते एकट्या मला माहीत होतं.

दुपारी गेले. रोहन ऑफिसला, नीता झोपलेली. तिने मला किल्ली देऊन ठेवली होती. तिचा श्वास बाहेर ऐकू येत होता. मी तंबूची चेन उघडली आणि माझ्या दोन्ही कुंड्यांत ते ओतलं. त्या वेळी मी नीताचा विचार केला का? नाही. रोहनच्या हसण्याचा केला.

काही आठवड्यांत माझी फुलं सुपारीसारखी टणक झाली. रोहन बघतच राहिला. “व्हॉट! मावशी, काय केलंस तू?”

“जिवंत माती,” मी म्हटलं.

“कढीपत्तावाली जिंकली बाप्पा!” नीताने टाळ्या वाजवल्या. अशक्त टाळ्या. त्यांचा आवाज मला अजून येतो.

फुलं वाळली तेव्हा रोहन म्हणाला, दोन वेगळ्या बरण्या ठेवू, बघू आईला कशाने जास्त बरं वाटतं. नीताने लोणच्याची रिकामी बरणी ओढली आणि त्यातच सगळं ओतलं, त्याचं आणि माझं. “काहून भांडून राहिले तुम्ही दोघं? जाणार तर एकाच छातीत ना?”

तेव्हा बोलता आलं असतं. बरणी समोर होती, झाकण उघडं होतं. पण बोलायचं म्हणजे जिंकलेलं परत द्यायचं. मी झाकण लावून दिलं.

तिला बरं वाटलं, हेही खरं आहे. व्हेपरायझरने दोन झुरके घ्यायची आणि थोड्या वेळाने भूक लागली म्हणायची. एकदा तूप घालून वरणभात खाल्ला आणि वर लिंबाची फोड मागितली. मी सिंककडे तोंड करून रडले. ते रडणं खोटं नव्हतं. दोन्ही गोष्टी एका माणसात कशा राहतात, मला ठाऊक नाही.

मग खोकला सुरू झाला. कोरडा. मग जिना चढताना धाप. मग हॉस्पिटल.

डॉक्टर म्हणाले, फुप्फुसांना सूज आहे. केमोच्या औषधांनी होऊ शकतं, संसर्ग असू शकतो, दुसरंही काही असू शकतं. ती काय काय घेते? रोहनने एक गोष्ट लपवली नाही. फोनमधले फोटो काढून आपल्या एकेका बाटलीचं लेबल वाचून दाखवलं. शेवटी म्हणाला, “हाफ ऑफ इट वॉज हर्स. पण मावशीने फक्त कंपोस्ट घातलं. राइट, मावशी?”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. नर्सची बोटं कीबोर्डवर थांबली होती.

आमच्या मुलाखतीचं पत्र त्याच आठवड्यात आलं होतं. त्या बोटांकडे बघताना मला एकच दिसत होतं — माझं नाव तिथे टाइप होणार, ते कुठूनतरी कुठेतरी जाणार, काउंटरपलीकडचा अधिकारी ते वाचणार, आणि आम्हाला सामान बांधायला लागणार. असं होतं का? हॉस्पिटलमधलं तिकडे जातं का? मी कुणाला विचारलंही नाही. भीतीला चौकशी नको असते. पडद्यामागे नीताला लावलेल्या ऑक्सिजनचा फसफस आवाज येत होता.

मी मान डोलावली.

नर्सने टाइप केलं.

नीता गेली. घरी परत आलीच नाही.

त्या औषधाने गेली का? मला माहीत नाही. कदाचित त्याचा काहीच संबंध नसेल. पण ते आता कुणालाच कधी कळणार नाही, आणि याचंही कारण मीच आहे. कारण यापुढचं एक आहे, आणि ते मला सगळ्यांत जड जातं.

अंत्यसंस्कारानंतर रोहन म्हणाला, बरणीत थोडी फुलं उरलीत, ती तपासायला लॅबमध्ये देतो. “आय नीड टू नो, मावशी. माझ्या बाटल्यांनी झालं का, मला कळायला हवं.” तो नातेवाइकांना आणायला एअरपोर्टवर गेला. मी स्वयंपाकघर आवरायला म्हणून मागे राहिले. फुलं सिंकमध्ये घातली, पाणी सोडलं, सिंकखालच्या खरकटं दळायच्या चक्कीचं बटण दाबलं. मग बरणी गरम पाण्याने धुतली. परत धुतली. वास जाईपर्यंत धुतली, आणि घरी घेऊन आले.

सांगितलं त्याला, आवरता आवरता चुकून गेलं रे. त्याने मला मिठी मारली. “इट्स ओके, मावशी. तू किती करतेस.”

आपल्यात बरणी रिकामी परत देत नाहीत. हे नीताचंच, वाटीसुद्धा कधी रिकामी पाठवली नाही तिने. मी लिंबाचं लोणचं घातलं आणि आईची बरणी मुलाला परत केली. हाताला सवय होती, म्हणून केलं. केल्यावर कळलं काय केलं ते.

ग्रीन कार्ड आलं. पाकीट फोडलं, नवऱ्याने पेढे आणले. भीती जायला हवी होती ना? गेली नाही. तिने फक्त चेहरा बदलला. आधी तिला अधिकाऱ्याचा चेहरा होता, आता रोहनचा आहे. फोनवर त्याचं नाव उमटलं की मी पहिली रिंग जाऊ देते.

रोहन आता टेक्ससमध्ये, प्लेनोला असतो. घरात एक रोप ठेवत नाही, मी दिलेल्या कढीपत्त्याशिवाय. त्याला केवळ पाणी घालतो. दुसरं काही घालायची भीती वाटते, असं एकदा म्हणाला होता. काल ऑफिसच्या कामाने इकडे आला आणि दारात उभा राहून ती बरणी पुढे केली. आत वाळवलेला कढीपत्ता, काठोकाठ.

“रिकामी देत नाहीत ना, मावशी?”

मग चहा पिताना, कपाकडे बघत म्हणाला, “एक गोष्ट आहे. मी स्वतःला सांगतो — अ‍ॅट लीस्ट हाफ ऑफ इट वॉज क्लीन. तुझं होतं ते.”

मी म्हटलं, “उद्या जेवायलाच ये.”

तो येईल आता थोड्या वेळात. वरण शिजलं आहे, फोडणी द्यायची आहे. मघाशी गॅरेजमध्ये जाऊन खतांच्या पिशव्यांमागून ती बाटली काढली. एवढी वर्षं टाकताही आली नव्हती. पुसून ओट्यावर बरणीशेजारी ठेवली आहे. पाव भाग अजून शिल्लक आहे. तिच्यावर लेबल नाही. काय आहे ते मलाच सांगावं लागेल.