भाऊजींच्या ग्रहावरचा काळोख

ताईचा फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. "भाऊ, हे उठून नाई राह्यले... आन् टीव्हीबी बिघडला वाटते. काळा पडला, पण आवाज येऊन राह्यला," ती म्हणाली. असल्या वेळी ही बाई टीव्हीचं काय घेऊन बसली, हेच मला कळेना. धावत गेलो. भाऊजी खुर्चीतच गेले होते, हात मांडीवर, त्यात खेळाचा रिमोट. टीव्ही बिघडलेला नव्हता. भाऊजींच्या खेळात तेवढा अंधार असायचाच.

माझे भाऊजी बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीत उभं आयुष्य खाली उतरले. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून आदिलाबादेत आमच्याच गल्लीत राहायला आले. आता माणूस ओट्यावर उन्हात बसेल, चहा पिईल, चार गप्पा हाणेल, असं आम्ही धरून चाललो होतो. पण माझ्या मुलीनं तिचं जुनं खेळाचं यंत्र त्यांच्या टीव्हीला जोडून दिलं आणि सगळं फिसकटलं. त्या खेळात आपण एकटेच यान घेऊन अंतराळात हिंडतो, अनोळखी ग्रहांवर उतरतो, तिथल्या गुहा धुंडाळतो. मुलीनं त्यांना सगळं शिकवलं. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाजी म्हणतात. "मामाजी, हे बटन दाबा. रात्रीबी सगळं हिरवं हिरवं दिसते." भाऊजींनी दाबलं. अख्खी दरी पिकासारखी हिरवीगार दिसायला लागली. त्यांनी जरा वेळ पाहिलं आणि बंद करून टाकलं. "हे तर चोरी झाली," म्हणाले. मग पडद्याचा ब्राइटनेस पार तळाला नेला आणि भरदुपारी खिडक्या लावून घेतल्या.

आम्हाला वाटलं, कोळशानं डोळे गेले. धरून डॉक्टरकडे नेलं, तर डोळे ठणठणीत! तरी आम्ही जाता-येता ब्राइटनेस वाढवायचो आणि आमची पाठ फिरली की ते कमी करायचे. आणखी एक गंमत होती. त्या ग्रहांवर कधी कधी दुसरे खेळणारेही भेटतात, कुठकुठल्या मुलुखातले. कुणी समोर आला की भाऊजी आपल्या हेल्मेटचा दिवा जमिनीकडे वळवायचे. मुलगी म्हणे, मामाजी, त्याला वाटेल तुम्ही लपून राह्यले. तर म्हणायचे, "समोरच्याच्या डोळ्यात उजेड मारू नये पोरी. खाली तशीच रीत हाय." चित्रातल्या माणसाचे डोळे काय दिपणार, म्हणून मी हसायचो.

ताईला मात्र हसू येत नव्हतं. एकदा भाजी निवडता निवडता तिनं मला विचारलंच, "जल्म अंधारात गेला यांचा. आता सुटले, तर पुन्हा काऊन जाते? माझ्याजवळ करमत नाई का यांना?" मी भाऊजींनाच जाऊन विचारलं. ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "तिथं बरं वाटते भाऊ." हे मी ताईला सांगितलं नाही. हे पेपरच्या ज्या पुरवणीत छापून येईल ती ताई वाचत नाही, आणि वाचलीच तर वाचो बापडी.

चौदावी झाली, पाहुणे पांगले. ताई मुलीला म्हणाली, "लाव तो खेळ. मले पाहू दे." पडदा काळाच. मी उजेड वाढवायला गेलो, तर तिनं हात धरला. खेळातला माणूस एका बोगद्यात उभा होता. दिव्याचा ताटाएवढा गोल, त्यात खडक, आणि गोलाबाहेर काही म्हणजे काही नाही. कुठंतरी पाणी ठिबकत होतं. ताईनं खुर्ची पुढं ओढली.

"मागं फिरव."

"मागंबी असंच हाय आत्या."

"वर?"

वरही तेच. ताईचा चेहरा बघवेना. क्वार्टरमधल्या बाया कधी खाली गेल्या नव्हत्या, त्यांना कोण नेणार? मीच घाबरून म्हणालो, "ताई, खेळ आहे हा. खरी खाण काही अशी नसते."

ती म्हणाली, "लग्न झालं तवा मी विचारलं होतं, खाली कसं असते जी? तर म्हणे, गणपतीच्या मांडवावानी लखलखाट असते. रांगेनं ट्यूबा लागल्या असते... हे रातपाळीला जायचे आन् मी जल्मभर निवांत झोपली भाऊ."

भाऊजी त्या अंधारात कशासाठी जात होते, हे मला आजही उमगलेलं नाही. सवय म्हणावी, की खालच्या सोबत्यांची आठवण? की ताई कधीतरी येऊन शेजारी बसेल आणि आपल्याला तोंडानं काही सांगावं लागणार नाही, असं काही मनात होतं? माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल सुचतं ते सगळंच खरं वाटतं, म्हणून मला माझ्यावरच विश्वास नाही.

ताईनं यंत्र परत दिलं नाही. दुपारची जेवणं आटोपली की ती खिडक्या लावून घेते आणि मुलगी तिला खेळ लावून देते. हिरवं बटन शिकवू का, असं मुलीनं विचारलं, तर नको म्हणाली. तिला खेळता येत नाही, शिकायचंही नाही. तो माणूस बोगद्यात एकटा उभा असतो, आणि ती नुसती सोबतीला बसते.