सरबतवाला आणि माझी तिसरी फीत

सरबतवाला ज्ञानूच्या अंगावर येतोय हे मला वीस पावलांवरून दिसलं होतं. मी तोंड उघडलं नाही.

आता तोंड उघडणं हेच माझं काम होतं, म्हणून हे सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत मी इजिप्तमध्ये आमच्या पलटणीच्या ऑफिसात क्लार्क होतो. कैरोला सुट्टीवर निघालेल्या जवानांना लेक्चर द्यायची ड्यूटी माझ्याकडे. "कपड्यावर कुणी काही सांडलं तर डाग नंतर बघा, आधी खिसा धरा. एक जण सांडतो, दुसरा पुसतो, तिसरा पे-बुक काढतो." पे-बुक म्हणजे शिपायाचं नाव, नंबर, पगार लिहिलेलं छोटं पुस्तक. ते हरवणं हा रायफल हरवण्याच्या खालोखालचा गुन्हा.

ज्ञानू शिराळ्याकडचा. तोही नाईक, मीही नाईक. दोघांच्या बाहीवर दोन-दोन फिती. हवालदाराची, म्हणजे तिसऱ्या फितीची, जागा मात्र एकच रिकामी. मी साताऱ्याला मॅट्रिक झालेला, अक्षर मोत्यासारखं. ज्ञानूला सही करताना जीभ बाहेर काढावी लागे. तरी चहाच्या वेळी घोळका त्याच्याभोवती. आमचे सुभेदारसाहेब कराडकडचे. ते दिवसातून दोनदा विचारत, "ज्ञानू कुठं हाय?" माझी आठवण त्यांना टाइपरायटरची रिबन बदलायची असली की यायची.

एक दिवस त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. "धा जण घिऊन कैरोला जावा. जो काय न हरवता परत यील, त्याचं नाव पुढं धाडतो."

निघायच्या सकाळी ज्ञानू पे-बुक मेणकापडात गुंडाळून कमरेच्या करगोट्याला बांधत होता. मला हसू आवरेना.

"अरे, बैलबाजाराला निघालायस काय?"

"तितंबी चोर, तितंबी गर्दी. तुमचा करगोटा कुठं हाय?"

"शिकलेली माणसं घालत नाहीत." शाळेतली शहरी पोरं हसली म्हणून मी तो कापून टाकला होता.

"मग चड्डी कशाच्या जिवावर ऱ्हाती तुमची?"

दहाही जवान खदखदले. ते हसू मी कैरोपर्यंत चघळत गेलो.

तर बाजारात ग्लास कलंडला आणि ज्ञानूचा शर्ट लालभडक झाला. लगेच दोन सभ्य गृहस्थ रुमाल घेऊन धावले. सगळं माझ्या लेक्चरबरहुकूम. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? करगोटा तुटेल, निदान गाठ तरी सुटेल, अशी आशा होती. नीट दिसावं म्हणून मी गर्दीत घुसून, चवड्यांवर उभं राहून मान लांब केली.

ज्ञानू दोन्ही हात पसरून उभा. एकाचा हात त्याच्या खिशात गेला आणि भुईमुगाच्या टरफलांसकट बाहेर आला.

"पुसा, नीट पुसा," ज्ञानू म्हणाला. "पाठीवरबी उडालंय."

गृहस्थ चरफडत निघून गेले. जवान पोट धरून हसत होते. हिरमुसलेला मी एकटाच. तेवढ्यात ज्ञानूची नजर माझ्या छातीवर गेली.

"आवं क्लार्क, तुमच्या खिशाचं बटन कवा तुटलं?"

बटण नव्हतं. पे-बुकही नव्हतं. अंगावर सरबताचा थेंब नव्हता. माझ्यासाठी त्यांना ग्लाससुद्धा सांडावा लागला नव्हता.

परतल्यावर ज्ञानूसोबत सुभेदारांसमोर उभा राहिलो.

"लेक्चर कोण देतंय हितं?"

"मी, साहेब."

"खिसा धरायचा सोडून कुठं बघत हुतास?"

उत्तर ज्ञानूनं दिलं. "साब, मला वाचवाय धावलं हुतं त्ये. त्या गडबडीत गेलं."

हे तो मनापासून बोलला की मला झाकायला, आजतागायत कळलेलं नाही. दोन्हींतलं जास्त झोंबणारं कोणतं, तेही ठरलेलं नाही.

माझी शिक्षा अर्ध्यावर आली. ज्ञानूच्या हवालदारकीची ऑर्डर मीच टाइप केली. नावात एक चूक करावी असं फार वाटलं. पण कागद पुन्हा टाइप मलाच करावा लागला असता. लेक्चरही त्याच्याकडे गेलं. पहिल्याच दिवशी त्यानं ट्रंकेतून काळा दोरा काढून माझ्या हातात ठेवला. कमरेपेक्षा वीतभर जास्तच दिला. त्याचाही मला राग आला. बांधला मात्र.

परदेशात आपल्या खिशावर नजर ठेवा, एवढंच मी लेक्चरात सांगायचो. दुसऱ्याच्या खिशावरून नजर काढा, हे सांगायचं राहून गेलं होतं.