अकरा वाजताची झडती

पोलीस ठाण्याच्या समोरच दुकान थाटलं की साहेबलोकांना नाही म्हणायची सोय उरत नाही. शिंपीकाकांनी ती कधी शोधलीही नव्हती. वर्दीची बाही उसवली की काका, साहेबांचं पोट सुटलं की पँट सैल करायला काका, आणि धाडीत पंच हवा असला तरी काकाच. झडती त्यांच्यासमोर झाली, माल त्यांच्यासमोर सापडला, असं लिहिलेला कागद हवालदार दुकानात आणून द्यायचा. काका तो शिलाई मशीनवरच ठेवून सही ठोकायचे. वाचायचे नाहीत. एक तर डोळे अधू झालेले, आणि पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेतो!

दुकानात त्यांच्या समोर बसून एक बाई काज-बटणं करायची. नऊ वर्षं झाली होती. "माझ्या पोरीसारखी आहे," असं काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पगार वाढवायची वेळ आली की नातं बरोबर विसरत. सुईत दोरा ओवता येईना, की सुई तिच्यापुढे धरत.

तिचा नवरा टेम्पो चालवायचा. एका मंगळवारी तो घरी आलाच नाही. सीटखाली गांजाचं पुडकं सापडलं म्हणे. "माझं नाही," तो सांगत राहिला. असं सगळेच म्हणतात, म्हणून कुणी ऐकलं नाही.

त्या दुपारी आपण कुठल्या कागदावर सही केली, हे काकांना दुसऱ्या दिवशी तिच्याच रडण्यातून कळलं. पण ते तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. वर तिलाच म्हणाले, "होईल सगळं नीट." लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण ती गिळता येते.

जामिनाचा अर्ज फेटाळला गेला. झडती भर चौकात, सकाळी अकरा वाजता, स्वतंत्र पंचासमोर झाली आहे, अविश्वास ठेवण्याचं कारण नाही, असं न्यायाधीशांनी लिहिलं. वकीलबाईंनी कागदांची प्रत तिच्या हातात ठेवली. तिने ती आणून काकांच्या मशीनवर पसरली.

"काका, ही सही तुमची."

काकांनी पायडल थांबवलं.

"त्या दिवशी अकरा वाजता तुम्ही इथंच होतात. शाळेच्या मास्तरांची पँट आखूड करत होतात. मी दोनदा दोरा ओवून दिला तुम्हाला."

"पोरी, खोटी सही केली म्हणून सांगितलं, तर मलाच आत टाकतील गं."

"तो आतच आहे, काका," ती म्हणाली, आणि पुन्हा काजं करायला बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तीन दिवस काकांना घास गोड लागला नाही. चौथ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून ते वकीलबाईंकडे गेले आणि सगळं लिहून दिलं. वरच्या कोर्टाने विचारलं, पंच दुकानात होता, तर झडती कुणासमोर झाली? पोलिसांना सांगता येईना. जामीन मिळाला. तोवर सात महिने गेले होते, आणि टेम्पो ठाण्याच्या आवारात गंजून चालला होता.

वर्द्या येणं बंद झालं. बाईही काम सोडून गेली. "राग नाही, काका," जाताना म्हणाली, "पण इथं बसवत नाही."

काकांनी स्वतःची समजूत घातली: उशिरा का होईना, सुटलो एकदाचा.

पंधरा दिवसांनी एक म्हातारी दुकानाची पायरी चढली. प्लॅस्टिकच्या पिशवीतून तिने घडीवर घडी घातलेला कागद काढला.

"तुम्ही कोर्टात खरं सांगता असं ऐकलं, म्हणून आले. माझा मुलगा दोन वर्षं आत आहे. ही सही तुमचीच ना?"

काकांनी कागद उजेडात धरला. सही त्यांचीच होती. वरची तारीख त्यांनी म्हातारीकडूनच वाचून घेतली.

"मग सांगा ना," ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही कुठं होतात?"

काका आठवत राहिले. म्हातारी समोरच्या रिकाम्या स्टुलावर बसून वाट बघत होती, आणि त्यांना त्या दिवसाचं काहीही आठवत नव्हतं.