पासष्टच्या फितीवर लावलेलं पान

माझा नवरा फौजेत लांगरी होता. लांगरी म्हणजे पलटणीचा स्वयंपाकी. हे आधीच सांगून टाकते, कारण गावातल्या लोकांच्या डोळ्यांत सगळं सलत होतं ते याच कामामुळे. पोळ्या लाटणाऱ्याच्या छातीवर शूराचं चिन्ह कसं, या प्रश्नानं काही जणांना अन्न गोड लागेना.

चिन्ह म्हणजे धातूचं, नखाएवढं कमळाचं पान. लढाईत काही चांगलं करून दाखवलं आणि वरच्या साहेबांनी तसं नाव लिहून धाडलं की हे पान मिळतं. ते वर्दीवर नुसतं लावत नाहीत. छातीवर रंगीत फिती असतात, एकेका लढाईची एकेक, त्यातल्या ज्या लढाईत नाव गेलं तिच्याच फितीवर पान बसवायचं. यांनी घरी एवढंच सांगितलं होतं, "साहेबानं नाव धाडलं, पान भेटलं." कोणत्या लढाईत, काय केलं म्हणून, ते कधी तोंडातून निघालं नाही. पानाबरोबर आलेला कागद इंग्रजीत होता. मी सातवी शिकलेली, मला तो वाचता येत नव्हता, आणि यांना विचारलं तर म्हणायचे, "जेवायला वाढ."

पंचाहत्तरच्या सुमारास हे शेवटच्या लांब सुट्टीवर पाथरीजवळच्या आमच्या गावी आले. नोकरी संपायला दोन-तीन महिने उरले होते. तेवढ्यात कुणीतरी निनावी अर्ज ठोकला, की हा माणूस स्वयंपाकी आहे, खोटं पान लावून मिरवतो, चौकशी व्हावी. अर्ज कुणी केला ते आजवर कळलेलं नाही. माझा एका घरावर शक आहे, पण त्या घरची सून माझी मैत्रीण, म्हणून गप्प बसते. परभणीच्या फौजी कचेरीतून बोलावणं आलं. बाहेरगावचा एक मेजरसाहेब येणार होता, त्याच्यापुढे सकाळी अकराला वर्दी घालून, कागद घेऊन हजर व्हायचं.

हे दोन दिवस धड जेवले नाहीत. "खोटा ठरलो तर गावात तोंड दाखवायला जागा न्हाई," म्हणाले. पंधरा वर्षं इमानानं नोकरी केलेला माणूस, आणि शेवटी चोरासारखा उभा राहणार. मला इतका संताप आला होता की मी तो सगळा वर्दीवर काढला. धुतली, खळ घातली, तांब्यात निखारे भरून इस्त्री केली. फितींची पट्टी आधीच काढून ठेवली होती. पान काळवंडलेलं दिसलं म्हणून तेही सोडवलं आणि चिंचेनं घासलं. ती हौस नडली. पान लखलखीत झालं, पण परत लावायचं कोणत्या फितीवर?

हे पाथरीला कागदांच्या नकला करायला गेलेले. मी थांबले असते तर काय बिघडलं असतं? पण माझा स्वभाव तसा नाही. मी माझ्याच डोक्यानं ठरवलं. एक फीत पासष्टची, एक एकाहत्तरची, हे मला माहीत होतं. आणि माझ्यासाठी लढाई म्हणजे पासष्टचीच. लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालेलं. तीन महिने यांचं पत्र नाही. पोस्टमन मला बघून रस्ता बदलायचा. सासूबाईंनी विचारणं सोडून दिलं. संध्याकाळी बुद्धवंदनेला बसले की माझा आवाजच फुटायचा नाही. मग कधीतरी एक कार्ड आलं, "मी खुशाल आहे," बस. एकाहत्तरला उलट दोन आठवड्यांत लढाई संपली आणि पाठोपाठ पत्र हजर. एवढ्या झटपट उरकलेल्या लढाईत कसलं शूरपण? मी पान पासष्टच्या फितीवर बसवलं, पट्टी सदऱ्यावर टाचली आणि सदरा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला. गाडीत चुरगळू नये म्हणून तो परभणीलाच अंगात घालायचा होता.

सकाळी हे पहिल्या गाडीनं गेले. मी भिंतीवरचा फोटो पुसायला घेतला. वर्दीतला, स्टुडिओत काढलेला. बघते तर पान बटणांजवळच्या पहिल्या, म्हणजे एकाहत्तरच्या फितीवर. मी लावलं होतं दुसरीवर.

अर्जात लिहिलंय पान खोटं, कागदावर असणार एक लढाई आणि छातीवर दुसरी. मेजरसाहेबाला आणखी काय पुरावा पाहिजे? गावातल्या कुणाला जे जमलं नसतं ते मी चिंचेच्या कोळानं करून ठेवलं होतं. लुगडं बदलायलाही थांबले नाही. पाथरीपर्यंत पायी, जवळजवळ पळतच. तिथून परभणीची गाडी मिळाली, तर ती रेल्वेच्या फाटकात अडकली. मालगाडी अशी चालली होती की तिला जगात काही काम नाही. मी कंडक्टरला म्हटलं, "भाऊ, किती वाजले?" तो म्हणाला, "बाई, चौथ्यांदा इचारायलाव तुमी." गाडीतले लोक हसले. मी त्यांच्याकडे असं बघितलं की पुढं कुणी हसलं नाही.

कचेरीच्या आवारात शिरले तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. लिंबाखाली एका बाकड्यावर माझा नवरा बनियनवर बसलेला, थंडीनं काकडत. शेजारी एक म्हातारे निवृत्त सुभेदार, जाड भिंगांचा चष्मा, मांडीवर आमचा सदरा. साहेबापुढे जाणाऱ्या प्रत्येकाची वर्दी आधी ते तपासत. त्यांनी कागद आणि पान ताडून बघितलं आणि यांना सदरा उतरवायला लावला होता. आता दोघं ते पान काढून पुन्हा बसवायच्या खटपटीत होते. सुभेदारांना बारीक दिसेना. यांची उजव्या हाताची दोन बोटं कढत वरण सांडून कधीचीच आखडलेली. पान एकदा मातीत पडलंही होतं.

"द्या इकडं," मी म्हटलं.

यांनी वर बघितलं. "तू कामून आलीस?"

"पान चुकीचं लावलं म्हणून."

सुभेदार माझ्यावर कडाडले, "म्हणजे हे तुझं काम हाय व्हय? हा तर म्हनायलाय मीच लावलं!"

मी यांच्याकडे बघितलं तर हे लिंबाकडे बघत होते. मी पान घेतलं. सुभेदार सांगत गेले, पहिल्या फितीवर, मधोमध, तिरकं नको. मी केसांतल्या आकड्यानं पानाची पाठीमागची टोकं सरळ केली, फितीतून ओवली आणि नखानं दाबून दुमडली. सुभेदारांनी सदरा डोळ्यांजवळ धरून बघितला, मान हलवली आणि म्हणाले, "पोरी, पासष्टवर कामून लावलं हुतंस?"

"तवा तीन म्हैने पत्र न्हवतं," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

त्यांनी सदरा यांच्याकडे दिला. यांनी घाईघाईनं सदरा घातला, बटणं मी लावली, आणि आतून नाव पुकारलं.

आत फार वेळ लागला नाही. मला दारातून दिसत होतं. मेजरसाहेबानं कागद वाचला, मग छातीकडे बघितलं, मग पुन्हा कागद. मग तो उभा राहिला आणि यांच्याशी हात मिळवला. कारकुनानं बाहेर येऊन आम्हाला कागदाचा अर्थ सांगितला. एकाहत्तरला तोफगोळे पडत असताना यांनी दोन दिवस पुढच्या खंदकांत चहा-पुऱ्या पोचवल्या होत्या आणि परत येताना दर खेपेला एक जखमी पाठीवर आणला होता. अर्ज निकाली. मी तिथंच दाराला टेकून रडले. चार वर्षं या माणसाच्या ताटात भाकरी वाढली आणि हे मला कारकुनाकडून कळावं!

स्टँडवर गाडीची वाट बघत चहा घेत होतो. यांचा चेहरा मोकळा झाला होता, पण काहीतरी घोळत होतं. शेवटी म्हणाले, "आज ते पान तिथंच ऱ्हायलं असतं आन् साहेबानं इचारलं असतं, पासष्टला काय केलं, तर लय पंचाईत होती."

"कामून?"

"पासष्टला मी पुढं गेलोच न्हवतो. पलटण गेली. मला कावीळ झाली हुती. तीन म्हैने दवाखान्यात पडून हुतो." मग म्हणाले, "ती फीत तवा नोकरीत असलेल्या समद्यांनाच भेटली."

"मंग पत्र?"

"काय लिवू? समदे लढायलेत आन् मी दवाखान्यात पथ्याचे मुळे खायलोय, असं लिवू? घरी आलो तर तुमी सारे हार घेऊन उभे. मंग तर सांगायचीच चोरी झाली."

मी चहाचा कप खाली ठेवला. त्या तीन महिन्यांत मी किती वेळा हातातल्या बांगड्यांकडे बघितलं होतं, ते यांना काय माहीत. वाटलं, चारचौघांत भांडावं. तोंड उघडलं आणि निघालं ते भलतंच.

"म्हंजी तवा तुमी गोळ्यांत न्हवताच?"

"न्हाई."

"एक दीस बी न्हाई?"

"एक दीस बी न्हाई गं. खाटेवर हुतो."

मी हसायला लागले ते थांबेना. डोळ्यांतून पाणी, आणि हसतेय. स्टँडवरचे लोक बघायला लागले, हे ओशाळून "अगं, हळू" म्हणायला लागले. दहा वर्षं होऊन गेली होती, माणूस धडधाकट शेजारी बसला होता, तरी पासष्टच्या त्या तीन महिन्यांतला माझा जीव तेव्हा कुठे भांड्यात पडला.