जिताड्याचे दोन वाटे

कळव्याच्या बाजारातल्या त्या कोळणीचं नाव मी कधी विचारलं नाही. भावावरून भांडलो मात्र दर रविवारी. मनगटाने माशा हाकलत ती सगळं ऐकून घेते आणि शेवटी स्वतःचाच भाव लावते.

एकदा शेवटचा जिताडा उरला होता. मी आणि एका बाईने एकदमच त्यावर हात टाकला. मी आवाज चढवला, तसा कोळणीने कोयता उचलला.

"बोंबलू नको रं दादा. कुठं कापू ते तू दाखव. पयला वाटा ही ताई उचलल."

माझं बोट डोक्याकडे गेलं, शेपटीकडे गेलं. कुठेही लबाडी केली तरी मोठा वाटा बाईच नेणार! शेवटी बोट अगदी इमानदारीत टेकवलं.

बाई म्हणाली, "हे तर चोख गणित!"

"कसलं गणित? घरात चार जावा आमी!" कोळीण म्हणाली.

मी उभ्या केलेल्या दुकानाच्या वाटणीत भावाने मला फसवलं, ते मी विसरलेलो नाही. गावची जमीन अजून वाटायची आहे. घरी येऊन त्याला फोन लावला. "वाटे तू पाड. पहिला मी उचलणार."

"नको, वाटे तूच पाड," तो घाईघाईने म्हणाला, तेव्हा मला मनापासून हसू आलं.